एकाच टेबलावरचे नमुने

त्या खोलीत पंखा नव्हता. खिडकी होती एक, पण ती उघडायची नाही. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘दार हळू उघडा. वारा आत आणू नका.’ आणि कुणाला शिंक आली तर तिने नाक धरून बाहेर पळायचं, हा थोरलीचा कायदा होता. उन्हाळ्यात तिथे जीव नकोसा व्हायचा, पण कायदा म्हणजे कायदा.

तो आला त्या दिवशी बाहेर पाऊस होता, सोसाट्याचा वारा होता, आणि चष्म्यावर पाणी असल्यामुळे त्याने पाटी वाचलीच नाही.

दार धाडकन उघडलं. धाकटीच्या टेबलावर सकाळपासून कापून ठेवलेले इवले इवले कागदाचे तुकडे पाखरांसारखे उडाले.

“हलू नका!” धाकटी ओरडली. “पाय उचलू नका. जोरात श्वाससुद्धा घेऊ नका!”

तो उंबऱ्यावर पुतळ्यासारखा उभा राहिला. मग अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाला, “किती वेळ?”

“सापडेपर्यंत.”

“काय सापडेपर्यंत?”

“माणूस! एक अख्खा माणूस उडवलात तुम्ही.”

हल्लीच्या मुलींना सांगून खरं वाटायचं नाही, पण तेव्हा हे काम असंच हाताने चालायचं. माणसाच्या रक्तातल्या एका पेशीचा फोटो काढायचा, तो मोठा करायचा, आणि त्यात विखुरलेली गुणसूत्रं कात्रीने एकेक कापून काढायची. मग लांबी बघून, कमरेची बारीक जागा बघून त्यांच्या जोड्या लावायच्या आणि डिंकाने कागदावर ओळीत चिकटवायच्या. त्यावरून डॉक्टर सांगत, होणारं बाळ धडधाकट असेल की नाही. एक तुकडा हरवला तर एका आईला खोटं उत्तर मिळायचं. म्हणून पंखा नाही आणि म्हणून शिंकायचंही नाही.

हे काम करणाऱ्या तिघी होत्या. थोरली, मधली आणि धाकटी. नात्यागोत्याच्या कुणी कुणाच्या नव्हत्या, पण एका खोलीत इतकी वर्षं बसून सख्ख्या बहिणींसारख्या भांडत, म्हणून साऱ्या इमारतीने त्यांना ही नावं दिली होती.

तिघी जणी आणि तो, चौघंही जमिनीवर रांगत होती. टेबलाखालून, खुर्चीच्या पायाशी, थोरलीच्या अंबाड्यातून तुकडे मिळत गेले. शेवटचा मात्र काही केल्या सापडेना. धाकटीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात तिला तो दिसला. त्याच्या ओल्या मनगटाला चिकटून बसला होता.

“हात पुढे करा.”

त्याने केला. तिने चिमट्याने तो तुकडा अलगद उचलला. मनगटावरची शीर थडथड उडत होती... इतकी, की तिला वाटलं धरून थांबवावी. तिने वर बघितलं, तर तो चष्म्याआडून तिच्याकडे बघत होता आणि अजूनही श्वास रोखून होता.

“घ्या आता श्वास,” ती म्हणाली.

“वादळ आलं गं बाई, वादळ!” मधली खो खो हसत म्हणाली. आणि त्या काडीसारख्या, मुलखाच्या मवाळ माणसाचं नाव त्या दिवसापासून वादळ पडलं.

वादळ पलीकडच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करत असे. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे एक खोली भरून कपाटं. त्याच्या प्राध्यापकांनी त्याला काम दिलं होतं की गुणसूत्रं ओळखणारं यंत्र बनव. त्यासाठी नमुने हवेत म्हणून तो आला होता.

“आणि तुमचं यंत्र ओळखायला लागलं की आम्ही काय करायचं?” थोरलीने कमरेवर हात ठेवले. “स्वेटर विणायचे?”

“नाही हो. ते फक्त हो म्हणणार किंवा नाही म्हणणार. नाही म्हणालं की काय करायचं, ते शेवटी तुम्हालाच विचारावं लागेल.”

“म्हणजे माझ्या नवऱ्यासारखंच की,” मधली म्हणाली.

थोरलीला हसू आवरलं नाही आणि वादळाला त्या खोलीत यायची परवानगी मिळाली.

तो रोज येऊ लागला. दार इतकं हळू उघडायला शिकला की आल्याचं कळतसुद्धा नसे. धाकटीने मान वर केली की हा आपला तिच्या टेबलाशी उभा.

“दोन तुकडे कमी पडले...”

“काल पाच नेलेत ना?”

“हो, पण आज आणखी दोन मिळाले असते तर...”

“अहो, खाता की काय ते तुम्ही?” मधली आपल्या टेबलावरून विचारायची. “मीठ लावून देऊ का?”

त्याचे कान लाल व्हायचे. धाकटी मान खाली घालून कात्री चालवायची, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचंच. हळूहळू ती त्याच्यासाठी चांगले चांगले तुकडे वेगळे काढून ठेवू लागली. सकाळी निघताना आरशासमोर जरा जास्त वेळ जाऊ लागला. कामाला जायची इतकी ओढ तिला याआधी कधीच वाटली नव्हती.

एकदा तिने विचारलं, “तुमचं यंत्र ओळखतं तरी कसं? डोळे तर नाहीत त्याला.”

त्याने खुर्ची ओढली. तुकडा समोर ठेवला.

“समजा, याच्या कडेकडेने एक मुंगी चालली आहे. सरळ वाट लागली की ती म्हणते, ‘स’. वळण लागलं की ‘व’. आत खोल खाच लागली की ‘ख’. अशी पूर्ण फेरी मारली की अक्षरांची एक माळ तयार होते. एक दिव्याची पेटी आहे आमच्याकडे, ती हे मुंगीचं काम करते.”

“बरं. मग?”

“मग ती माळ घेऊन यंत्र एका घरात शिरतं. खूप खोल्यांचं घर आहे. माळेतलं एक अक्षर वाचायचं आणि त्या अक्षराचं दार असेल त्यातून पुढच्या खोलीत जायचं. माळ संपताना शेवटच्या खोलीत पोचलं, तर हे गुणसूत्रच. मध्येच कुठे दार सापडलं नाही, तर नाही. याला ऑटोमॅटन म्हणतात. खोल्या आणि दारं तेवढी नीट ठरवायची, बस्स.”

“आणि मागच्या खोलीत काय झालं, ते लक्षात असतं त्याला?”

“अजिबात नाही. आपण आत्ता कुठे उभे आहोत, एवढंच त्याला ठाऊक.”

“बिचारं!” धाकटी म्हणाली. “पण सुखी आहे. भांडण झालं तरी दुसऱ्या खोलीत जाऊन विसरत असेल.”

“तुमच्या लक्षात राहतं सगळं?”

“सगळं. तुम्ही आल्या आल्या माणूस उडवलात, तेसुद्धा.”

“मला वाटलं ते विसरला असाल.”

“ते कसं विसरेन?” ती बोलून गेली, आणि मग उगाचच डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत बसली. झाकण आधीच घट्ट होतं.

वादळाने खोल्या बांधल्या, दारं बसवली. यंत्राला दोन दिवे होते. हिरवा म्हणजे हो, तांबडा म्हणजे नाही. पहिले कित्येक दिवस तांबडाच लागत होता. मग एके दिवशी तो पावसात भिजत, बिनछत्रीचा धावत आला. दार मात्र हळूच उघडलं.

“हिरवा!” तो कुजबुजला, कारण त्या खोलीत ओरडायची सोय नव्हती. “तुम्ही कापलेले सगळे... सगळ्यांना हिरवा!”

त्या आनंदात त्याने टेबलावरचा तिचा हात धरला. लगेच सोडलाही. दोघांनीही असं दाखवलं की काही झालंच नाही. मधलीने मात्र खाकरून घेतलं.

पण दुधात मिठाचा खडा पडायचाच. समिती यंत्र बघायला येणार आहे, असं प्राध्यापकांनी सांगितलं. समितीला पटलं तर काम पुढे चालेल. नाही पटलं तर काम बंद, आणि वादळाने आपल्या जुन्या गावी, जुन्या नोकरीवर परत जायचं. ते गाव इतकं लांब होतं की तिथे गेलेला माणूस फक्त पत्रात भेटत असे.

“आणि नाहीच पटलं तर?” जिन्यात धाकटीने विचारलं.

“तर काय... सामान फारसं नाही माझं.” तो हसला खरा, पण ते हसू काही चेहऱ्यावर टिकलं नाही.

समितीच्या अध्यक्ष एक वृद्ध शास्त्रज्ञबाई होत्या. हातात काठी, नजर सुईसारखी. त्यांच्याबरोबर दोन गृहस्थ होते, ते त्या मान हलवत तेव्हा मान हलवत. प्राध्यापकांनी धाकटीने कापलेल्या तुकड्यांची डबी पुढे केली. यंत्राने सगळ्यांना हिरवा दिवा दाखवला. प्राध्यापकांची छाती फुगली.

“छान,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आता ताजे बघू.” आणि काठी टेकत टेकत त्या स्वतः तिघींच्या खोलीत गेल्या, थोरलीच्या टेबलावरून चार तुकडे उचलले, मधलीच्या टेबलावरून चार उचलले, आणि परत आल्या.

तांबडा.

पुन्हा तांबडा. तिसऱ्याला तांबडा, चौथ्याला तांबडा. थोरली कधी चुकत नसे, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं, पण यंत्राने तिचं एकही गुणसूत्र ओळखलं नाही. मधलीचीही तीच गत.

“माझ्या गुणसूत्रांनी काय घोडं मारलंय याचं?” थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

प्राध्यापकांची छाती होती तिथे गेली. वादळाच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, “जेवून घेऊ या. दुपारी पुन्हा बसू.”

धाकटीने जेवणाचा डबा तसाच बंद केला. ती त्याला शोधत मागच्या पायऱ्यांवर आली. तो तिथेच बसला होता. मांडीवर कागदाच्या दोन लांब पट्ट्या होत्या, पेटीतून आलेल्या अक्षरांच्या माळा.

“बघा,” तो म्हणाला. “ही तुमची आणि ही थोरल्या बाईंची. सगळं सारखं आहे. फक्त कमरेपाशी तुमच्या माळेत ‘ख’ येतो, त्यांच्या माळेत ‘व’. त्यांची कंबर नुसती वळते. तुमच्या कमरेला खाच आहे. दर वेळी. आणि मी त्या जागी दार ठेवलंय ते एकट्या ‘ख’चं.”

धाकटीने पट्टी हातात घेतली. बघता बघता तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला.

“अहो... ती खाच गुणसूत्राची नाही.”

“मग?”

“माझी आहे. माझे बाबा शिंपी आहेत ना. मला कात्री धरायला त्यांनीच शिकवलं. कापडात आतली गोलाई आली की कात्रीचं टोक जरासं आत मारायचं, नाहीतर शिवण ओढते. किती बोलणी खाल्लीत त्यावरून! कागदाला कुठली आली शिवण... पण हाताला कोण सांगणार? तो आपला जातोच आत.”

तो तिच्याकडे बघत राहिला. आणि मग, एवढं सगळं पाण्यात गेलेलं असताना, हसायलाच लागला.

“हसताय काय!”

“म्हणजे आमचं यंत्र गुणसूत्र ओळखतच नाही. ते तुमचा हात ओळखतं. लाखांत ओळखेल!”

धाकटीला हसू येईना. ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. मग भरभर म्हणाली, “मी कापते. दुपारी ते पुन्हा ताजे मागतील, तेव्हा म्हणू की थोरलीचे फोटो अंधूक होते. मी कापून देते सगळे. सगळ्यांना हिरवा लागेल.”

“आणि पुढे? दुसऱ्या गावाहून कुणी कापलेलं आलं की चांगल्या गुणसूत्रालाही ते नाही म्हणणार. एखाद्या आईला उगीच रडवणार.”

“कळतं मला ते.”

“कळतं?”

“इतकी वर्षं तेच तर काम करतेय. न कळायला काय झालं?”

“कळतं, तरी म्हणालात?”

“हो.”

“का?”

पाऊस थांबला होता, पण पन्हळीतून थेंब गळत होते. ती पन्हळीकडेच बघत म्हणाली, “कारण तुम्ही जाल.”

शब्द निसटले. आता ते चिमट्याने उचलून परत ठेवता येणार नव्हते. यंत्रासारखं पुढच्या खोलीत जाऊन विसरताही येणार नव्हतं. ती उठली आणि त्याचं उत्तर न ऐकताच आत पळाली.

दुपारी सगळे पुन्हा जमले. थोरली हाताची घडी घालून, मधली भिंतीला टेकून, धाकटी दाराशी. वादळ उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. खाच, वळण, एकच दार. यंत्र चुकलं नाही, मी चुकलो, म्हणाला. मी त्याला एकाच हातचे नमुने दाखवले.

प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला.

“त्या खोलीत टेबलं तीन आहेत,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मग नमुने एकाच टेबलावरचे का?”

वादळाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तिथे... उजेड बरा होता.”

“उजेड?” मधली भिंतीपासून सुटलीच. “खिडकी माझ्या टेबलाशी आहे हो! तिच्या कोपऱ्यात तर भर दुपारी दिवा लावावा लागतो!”

ते दोन गृहस्थ हसायला लागले. मग अध्यक्षबाईंकडे बघून थांबले.

“शास्त्रात कारण फार महत्त्वाचं असतं,” त्या म्हणाल्या. “खरं सांगा.”

वादळाने एकदा दाराकडे बघितलं. धाकटीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तिने नजर खाली घातली नाही. सकाळपासून बोलायचं धाडस एकट्या तिनेच केलं होतं. आता त्याचं ऐकायचं होतं.

“बाई, मला दुसऱ्या टेबलावर जावंसं वाटलं नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही. नमुने पहिल्या आठवड्यातच पुरेसे झाले होते. तरी मी... रोज कमी पडले म्हणून जात होतो.”

मधलीने थोरलीला कोपर मारलं. थोरलीने तिला परत मारलं. अध्यक्षबाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग दाराशी लालबुंद होऊन उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं. ओठ घट्ट मिटून त्यांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

“चूक मोठी आहे,” त्या म्हणाल्या. “पण दुपारी डबी बदलता आली असती, ती तुम्ही बदलली नाहीत. खोल्या आणि दारांची कल्पना मला पटली. घर चांगलं आहे, दारं वाढवायला हवीत. वर्षभराची मुदत देते. मात्र या वेळी नमुने सगळ्यांचे. बाकीच्या दोन्ही टेबलांवरचे, दुसऱ्या प्रयोगशाळांतले, डावखुऱ्यांचेसुद्धा. आणि या मुलीच्या टेबलावरचे सगळ्यात शेवटी. तोवर तिकडे फिरकायचं नाही.”

“त्याची काळजी सोडा, बाई,” थोरली म्हणाली. “मी आहे ना!”

आणि ती होतीच. वादळ दुसऱ्या दिवशी दार हळू उघडून आला, सवयीने कोपऱ्याकडे वळला, तर थोरलीने हातातली पट्टी टेबलावर आपटली.

“इकडे! खुर्ची घ्या. आज माझे तुकडे न्यायचे. आणि नुसते न्यायचे नाहीत, माझे गुडघे का दुखतात तेही ऐकायचं.”

त्याने निमूटपणे ऐकलं. डाव्या गुडघ्याचं संपलं, मग उजव्याचं सुरू झालं. मध्येच त्याची नजर कोपऱ्याकडे गेली.

“थोरल्या बाई,” मधली म्हणाली, “बघायलाही बंदी आहे का हो? नाही, अध्यक्षबाईंनी फिरकायचं नाही एवढंच सांगितलंय. डोळ्यांचं काही बोलल्या नव्हत्या.”

धाकटी डिंकाचा ब्रश धुवायला बाहेर गेली, कारण खोलीत हसायची सोय नव्हती.

संध्याकाळी ती फाटकातून बाहेर पडली, तर तो बाहेर उभा. हातात डबी नाही, कागद नाही, काही नाही.

“किती तुकडे कमी पडले?” तिने विचारलं.

“एकही नाही.”

“मग काय काम काढलंत?”

“काम...” त्याने हात पँटच्या खिशात घातले, बाहेर काढले. “काही काम नाही. आज बिनकामाचाच आलोय. चालेल?”

धाकटी चालू लागली, पण एकटं चालताना चालते त्यापेक्षा कितीतरी हळू. तो शेजारी आला. रस्ता ओला होता आणि दुकानांचे दिवे त्यात पडले होते. एका डबक्याशी दोघं एकाच बाजूने वळली आणि हाताला हात लागला. या वेळी सोडायची घाई कुणीच केली नाही.

“पायरीवर तुम्ही म्हणालात,” तो हळूच म्हणाला, “आणि पळून गेलात. मला उत्तर द्यायचं होतं.”

“दिलंत की. सगळ्या समितीसमोर!”

“ते त्यांना दिलं. तुम्हाला द्यायचं राहिलंय. मी कुठेही जात नाही. यंत्राचं वर्षभराने काहीही होवो.”

ती चालता चालता थांबली.

“कुठे जायचं आपण?” मग तिने विचारलं.

“तुम्ही सांगाल तिथे. पण मनात होतं... ज्यांनी माझं यंत्र बिघडवलं, त्यांना एकदा भेटावं.”

बाबांचं दुकान घराच्याच खाली होतं. मशीनची खडखड वळणावरूनच ऐकू यायची. बाबा तोंडात टाचण्या धरून एका कोटाची कॉलर शिवत होते. मुलीबरोबर कुणी परका माणूस बघून त्यांनी मशीन थांबवलं.

“बाबा, हे... ते यंत्रवाले.”

“हं,” टाचण्यांतून बाबा म्हणाले. “काय शिवायचंय?”

“काही नाही,” वादळ म्हणाला. “मी सहज... आपल्याला भेटायला.”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग मुलीकडे बघितलं. ती समोरच्या रिळांमधलं एक निळं रीळ उचलून उगाच उलटसुलट करत होती. बाबांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, गादीत खोचल्या, आणि गळ्यातली टेप ओढली.

“हात वर करा.”

“अहो, पण मला खरंच काही शिवायचं नाही.”

“आज नसेल,” बाबा म्हणाले. “माप घेऊन ठेवतो. ऐन वेळी घाई झाली की खांदे चुकतात.”

वादळाने मुकाट्याने हात वर केले. बाबांनी त्याच्या पाठीवर टेप लावली आणि मान न वळवता म्हणाले, “आणि तू काय रिळं मोजत बसलीस? पेन्सिल घे. लिही.”